पाहुण्या संशोधकाचं व्याख्यान कसं ऐकावं : न्यूरोसायन्सच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

न्यूरोसायन्सच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला की थोड्याच दिवसांत विभागाकडून ईमेल येते. बाहेरच्या संस्थेतून कुणी संशोधक येणार, तासभर बोलणार, विद्यार्थ्यांनी हजर राहावं. सोबत व्याख्यानाचं शीर्षक असतं आणि त्यातले निम्मे शब्द तुम्ही पहिल्यांदाच वाचत असता. तरी जाता. पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग एक स्लाइड येते, तिच्यावर दाटीवाटीने बारा आलेख असतात, आणि तिथे जो धागा सुटतो तो टाळ्या वाजेपर्यंत हाती लागत नाही.

यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. या विषयाचा पसाराच असा, की माशीच्या मेंदूतल्या जोडण्यांवर वर्षानुवर्षं काम केलेले प्राध्यापकसुद्धा माणसाच्या भाषेवरच्या एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणारं स्कॅन) व्याख्यानात मध्येच हरवतात. पण हरवल्यावर काय धरून ठेवायचं, हे त्यांना ठाऊक असतं. या लेखात तेच सांगतो आहे. आख्खं व्याख्यान समजून घ्यायला जाऊच नका. एक आकृती तळापर्यंत समजून घ्यायला जा.

आधी व्याख्यानाचा प्रकार बघा

विभागात होणारी सगळी व्याख्यानं एका माळेची नसतात. नेहमीच्या सेमिनारमध्ये पाहुणा आपल्या लॅबचं गेल्या काही वर्षांचं काम मांडतो. साधारण पन्नास मिनिटं बोलणं आणि दहा मिनिटं प्रश्न. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराचं व्याख्यान वरवर तसंच दिसतं, पण तिथे समोर बसलेले प्राध्यापक परीक्षक असतात. म्हणून प्रश्न धारदार होतात आणि शेवटी ‘पुढच्या पाच वर्षांत मी काय करेन’ असा एक भाग येतो. नव्या विद्यार्थ्याने अशी व्याख्यानं चुकवू नयेत, असं माझं मत आहे. उमेदवाराने तयारी कसून केलेली असते, त्यामुळे मांडणी बहुतेकदा सर्वांत स्वच्छ इथेच मिळते. पीएचडीच्या प्रबंधाचं जाहीर सादरीकरणही नवख्याला सोपं जातं, कारण त्यात पार्श्वभूमी सावकाश सांगतात.

गोषवारा वाचताना तीन गोष्टी शोधा

तयारीला अर्धा तास पुरतो. ईमेलमधला गोषवारा उघडा आणि तीनच गोष्टींखाली रेघ मारा: कोणता प्राणी, मेंदूचा कोणता भाग, आणि काय मोजलं. प्राणी आणि भाग दोन मिनिटांत कळतात. उरलेला वेळ मोजण्याच्या पद्धतीवर घालवा, कारण न्यूरोसायन्समध्ये पद्धत समजली की निष्कर्ष किती दूर जाऊ शकतो हे आपोआप समजतं.

समजा गोषवाऱ्यात एफएमआरआय आहे. हे यंत्र चेतापेशींचं बोलणं थेट ऐकत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथला रक्तपुरवठा वाढतो, रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं आणि तो बदल यंत्र टिपतं. हा प्रतिसाद शिखरावर पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातला एक ठोकळा साधारण दोन-तीन मिलिमीटर बाजूचा असतो आणि त्यात लाखो पेशी मावतात. तेव्हा एफएमआरआयवरून कुणी मिलिसेकंदांच्या गोष्टी सांगू लागलं तर कान टवकारावेत. ईईजीचं, म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मेंदूतली विद्युत हालचाल टिपण्याचं, नेमकं उलट. वेळ मिलिसेकंदापर्यंत अचूक, पण कवटीच्या बाहेरून ऐकत असल्यामुळे आवाज आत नेमका कुठून आला हे धूसर.

एकेका पेशीपाशी जायचं तर इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युत बदल टिपणारी अतिबारीक तार किंवा काचनळी, लागतो. पेशीच्या आतला विद्युतदाब विश्रांतीत उणे सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो साधारण एका मिलिसेकंदासाठी उसळी मारतो, तिला स्पाइक म्हणतात. पातळ काचनळी पेशीच्या पटलाला चिकटवून प्रवाह मोजायची पॅच क्लॅम्प पद्धत एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये दाखवली आणि तिच्यासाठी त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. हल्लीच्या व्याख्यानांत हमखास भेटते ती कॅल्शियम इमेजिंग. पेशी पेटली, म्हणजे तिच्यात स्पाइक आले, की आत कॅल्शियम वाढतं, आणि त्यासोबत चमकणारं प्रथिन आधीच पेशीत घातलेलं असतं. शेकडो पेशी एकाच वेळी दिसतात, पण प्रथिनाची चमक स्पाइकपेक्षा बरीच रेंगाळते, म्हणून लागोपाठचे स्पाइक एकमेकांत मिसळतात.

वरच्या सगळ्या पद्धती ऐकण्याच्या आहेत. ऑप्टोजेनेटिक्स हस्तक्षेपाची. शैवालातलं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन चेतापेशीत घालायचं आणि निळा प्रकाश टाकून हव्या त्याच पेशी पेटवायच्या. चेतापेशींवरचे हे प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर या विषयातली व्याख्यानंच बदलली. गोषवाऱ्यात फक्त ऐकणं आहे की हस्तक्षेपही आहे, एवढं आधीच टिपून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

व्याख्यात्याचे शोधनिबंध वाचावेत का? सगळे नकोत. सर्वांत ताजा एक काढा आणि त्यातली फक्त पहिली आकृती तिच्या मथळ्यासह बघा. प्रयोगाची रचना बहुतेकदा तिथेच काढलेली असते आणि हेच चित्र व्याख्यानात पुन्हा दिसण्याची शक्यता दाट असते. ओळखीचा चेहरा दिसला की परक्या गर्दीत जरा धीर येतो.

सभागृहात

पाच मिनिटं आधी पोचा, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. मागे बसलं की अक्षांवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि अक्ष दिसले नाहीत तर आकृती समजायचा प्रश्नच उरत नाही. मध्येच उठून तास गाठायचा असेल तर कडेची खुर्ची धरा. लॅपटॉपऐवजी वही, कारण तुम्हाला आलेख काढायचे आहेत.

स्लाइडचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पाहुणे प्रसिद्ध न झालेली माहितीही विश्वासाने दाखवतात. ती बाहेर पडली तर ज्या विद्यार्थ्याने चार वर्षं घालून ती गोळा केली त्याचं नुकसान होतं. काही वक्ते स्लाइडच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यावर फुली मारलेली खूण टाकतात, पण खूण नसली तरी परवानगी गृहीत धरू नये.

पहिली दहा-बारा मिनिटं अगदी जिवाचा कान करून ऐका. बाकी सगळं सुटलं तरी चालेल, हे सुटता कामा नये. याच वेळात वक्ता ‘आम्हाला हे जाणून घ्यायचं होतं’ असं एक वाक्य बोलतो. ते शब्दशः लिहून त्याला चौकट करा. पुढची प्रत्येक स्लाइड त्या वाक्याचं उत्तर देते आहे का, एवढंच तपासायचं असतं. धागा सुटला तर मागे धावू नका. वक्ता नव्या भागाकडे वळला की शीर्षकाची स्लाइड येते, तिथे पुन्हा गाडीत चढा. स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य असेल तर वक्त्याने निष्कर्षच वर लिहून ठेवलेला असतो, आणि खालच्या आकृतीतून तो खरोखर निघतो का हे बघण्याचं काम तुमचं.

एक आकृती निवडा आणि तिच्याशी झगडा

व्याख्यानातली मधली कुठलीतरी, त्यातल्या त्यात साधी दिसणारी आकृती निवडा. तुम्ही ती उतरवत असताना वक्ता पुढे जाईल. जाऊ द्या.

सर्वांत जास्त वेळा भेटणारी आकृती घेऊ: रास्टर. पांढऱ्या चौकोनात मुंग्या सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. आडवा अक्ष वेळेचा असतो, शून्यापाशी एक उभी रेघ, म्हणजे तिथे प्राण्याला काहीतरी दाखवलं किंवा ऐकवलं. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे प्रयोगाची एक फेरी, प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पाइक. रेघेच्या डावीकडे ठिपके विरळ आणि उजवीकडे दाट झाले, तेही जवळजवळ प्रत्येक ओळीत, तर पेशी त्या गोष्टीला प्रतिसाद देते आहे. एक-दोन ओळींतच दाटी असेल तर सबुरीने घ्या. खाली सगळ्या फेऱ्यांची सरासरी दाखवणारा डोंगराच्या आकाराचा आलेख असतो. डोंगर दिसायला देखणा, पण खरी गोष्ट वरच्या ठिपक्यांत असते.

हे का महत्त्वाचं, याचं उत्तम उदाहरण १९५८ सालचं आहे. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या दृष्टिकॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या पृष्ठभागावरच्या, पाहण्याशी संबंधित भागातल्या) एका पेशीला पडद्यावर ठिपके दाखवत होते आणि पेशी ढिम्म. काचेची स्लाइड यंत्रात सरकवताना मात्र ती अचानक तडतडू लागली. ठिपक्याचा काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसट सावली एका विशिष्ट कोनात पडद्यावरून सरकली, ती पेशीला हवी होती. कडेचा कोन बदलला की पेशी गप्प. हेच रास्टरवर काढलं तर एका कोनाच्या चौकोनात दाट ठिपके आणि काटकोनात फिरवलेल्या कडेच्या चौकोनात जवळपास शुकशुकाट. या वाटेवरच्या कामासाठी दोघांना १९८१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता आकृतीला प्रश्न विचारायला लागा. पहिला: ही एक पेशी आहे, बाकीच्यांचं काय? वक्ते सर्वांत सुंदर पेशी उदाहरणादाखल दाखवतात, त्यात गैर काही नाही. पण पुढच्या स्लाइडवर सगळ्या पेशींचा हिशेब यायला हवा. शंभरातल्या आठ पेशी अशा वागत असतील तर गोष्ट वेगळी आणि सत्तर वागत असतील तर वेगळी.

दुसरा प्रश्न नवखे विचारत नाहीत आणि जाणते हटकून विचारतात: संख्या कशाची? समजा आलेखाखाली सहाशे लिहिलं आहे आणि त्या सहाशे पेशी तीनच उंदरांमधून आल्या आहेत, प्रत्येकी दोनशे. एकाच उंदरातल्या पेशी एकमेकींसारख्या वागण्याची शक्यता जास्त असते. त्यांना सहाशे स्वतंत्र साक्षीदार मानून गणित केलं तर फरक आहे त्यापेक्षा पक्का दिसतो. प्रत्यक्षात साक्षीदार तीनच्या जास्त जवळ असतात. याला तोड काढणाऱ्या सांख्यिकी पद्धती आहेत. वक्त्याने त्या वापरल्या का, एवढं विचारणं पूर्ण रास्त आहे.

तिसरं, उभ्या दांड्या. सरासरीच्या ठिपक्याला वर-खाली जी रेघ जोडलेली असते ती प्रमाण विचलन (मोजमापं किती विखुरलेली आहेत) दाखवते की सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरीचा अंदाज किती पक्का आहे), हे मथळ्यात वाचा. दुसरी नेहमी पहिलीपेक्षा छोटी असते, म्हणून आलेख नीटनेटका दिसतो. दांड्या आखूड आहेत म्हणून प्राण्या-प्राण्यांत फरक नाही, असं समजू नका.

रंगीत मेंदूची चित्रं असतील तर एक मेलेला मासा लक्षात ठेवा. २००९ मध्ये काही संशोधकांनी एफएमआरआयमध्ये मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’, आणि विश्लेषण केलं. हजारो ठोकळ्यांची तुलना केली की काही निव्वळ योगायोगानेही पेटलेले दिसतात, म्हणून आकड्यांत दुरुस्ती करावी लागते; ती त्यांनी मुद्दाम केली नाही. माशाच्या मेंदूत चक्क ठिपके पेटलेले आले! त्या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. तेव्हा रंग दिसला की तो कोणत्या उंबरठ्यावर दिला आहे आणि दुरुस्ती केली आहे का, हे कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत शोधा.

आणखी एक सापळा इतका गुळगुळीत आहे की त्यावर भले भले घसरतात. ‘औषध दिलेल्या गटात बदल लक्षणीय होता, न दिलेल्या गटात लक्षणीय नव्हता, म्हणून औषधाने फरक पडला.’ ऐकायला बरोबर वाटतं ना? पण दोन गटांतल्या बदलांची एकमेकांशी तुलना केलेलीच नाही. ‘लक्षणीय’ म्हणजे असा बदल निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ठरलेल्या उंबरठ्याखाली आहे; एका गटात हा आकडा उंबरठ्याच्या जरासा अलीकडे आणि दुसऱ्यात जरासा पलीकडे असू शकतो. २०११ मध्ये आघाडीच्या पाच नियतकालिकांमधले न्यूरोसायन्सचे निबंध तपासले गेले. ही चूक होण्याची संधी ज्यांत होती अशा १५७ पैकी ७९ निबंधांत ती झालेली होती. निम्म्याहून जास्त.

क्रियापदांवर नजर ठेवा

आकृती कळली की दावा बघा. पेशी पेटते तेव्हा उंदीर घाबरलेला असतो, हा एक दावा. त्या पेशी बंद केल्या तर उंदीर घाबरत नाही, हा दुसरा. त्याच पेशी प्रकाशाने पेटवल्या तर कारण नसताना उंदीर थिजतो, हा तिसरा. पहिल्यात फक्त सोबत आहे, दुसऱ्यात गरज दिसते, तिसऱ्यात त्या पेशी पुरेशा आहेत असं दिसतं. गोषवारा वाचताना ऐकणं की हस्तक्षेप हे टिपून ठेवायला सांगितलं ते यासाठी. फक्त ऐकण्याच्या पद्धती वापरलेल्या असताना शेवटच्या स्लाइडवर ‘भीती निर्माण करणाऱ्या पेशी’ असं क्रियापद आलं, तर वही उघडा.

हस्तक्षेपालाही मर्यादा असतात. १९५३ मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका भागाचा) मोठा भाग काढला गेला, आणि नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. यावरून ‘स्मृतीसाठी हिप्पोकॅम्पस लागतो’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला दिली, तेव्हा रोजच्या सरावाने त्यांचा हात सुधारत गेला. आधी हे कधी केल्याचं त्यांना आठवत मात्र नव्हतं. म्हणजे कोणती स्मृती, हा प्रश्न उरतोच. पाहुणा ‘स्मृती’, ‘लक्ष’, ‘निर्णय’ असे मोठे शब्द वापरेल तेव्हा प्राण्याने प्रत्यक्षात काय केलं ते विचारा. बहुतेकदा उत्तर ‘उजवीकडचं पाणी चाटलं’ इतकंच असतं.

प्रश्न विचारा, आणि लवकर विचारा

प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिहा. वाचायला पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर कापा. नाव आणि शिक्षणाचं कितवं वर्ष ते सांगा, प्रश्न विचारा, थांबा. ‘कदाचित हा बावळट प्रश्न असेल’ ही प्रस्तावना नको. त्याने प्रश्न सुधारत नाही, वेळ मात्र जातो.

वर जे लिहिलं त्यातूनच प्रश्न निघतात: ‘तिसऱ्या आकृतीतल्या पेशी किती प्राण्यांमधून आल्या?’ ‘या पेशी बंद करून बघितल्या का?’ ‘प्राणी त्या क्षणी नुसता हलला असता तरी पेशी अशाच पेटल्या असत्या का?’ हा शेवटचा प्रश्न उंदरांवरच्या जवळजवळ कुठल्याही व्याख्यानात चालतो, कारण हालचालीचे पडसाद मेंदूभर उमटतात. निवडलेली आकृती समजलीच नसेल तर तेही विचारता येतं: ‘उभ्या अक्षावर नेमकं काय आहे?’ असा प्रश्न आला की आजूबाजूचे चार जण हळूच मान वर करून उत्तर ऐकतात.

बोलायची भीती एकट्या तुमची नाही, आणि ती सगळ्यांत सारखी वाटलेलीही नाही. १० देशांतल्या ३५ संस्थांमधली जवळपास अडीचशे सेमिनार पाहून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रोत्यांमधलं प्रमाण लक्षात घेऊनही स्त्रिया पुरुषांपेक्षा बरेच कमी प्रश्न विचारत होत्या, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर ही दरी आणखी रुंद होत होती. सूत्रसंचालनाचं काम कधी तुमच्याकडे आलं तर पहिला प्रश्न कुणाला विचारू द्यायचा हे ठरवताना याचा विचार करा.

सभागृहात जमलं नाहीच, तर टाळ्यांनंतर पुढे जा. तिथे रांग असते, पण वक्ता निवांत असतो.

विद्यार्थ्यांसोबतची भेट

पुष्कळ विभागांत पाहुण्यासोबत फक्त विद्यार्थ्यांची तासाभराची बैठक ठेवतात. नाव नोंदवायचा कागद फिरतो आणि नवे विद्यार्थी तो वरिष्ठांकडे सरकवतात. सरकवू नका. व्याख्यानात जे कधीच येत नाही ते इथे मिळतं: कोणता प्रयोग फसला, हाच प्रश्न का निवडला, लॅबमध्ये नव्याने येणाऱ्याकडून काय अपेक्षा असते. उत्तरात प्रोग्रॅमिंग आलं तर पायथन की मॅटलॅब तेही विचारून घ्या. ‘मी पुढे काय करू?’ हा प्रश्न टाळा. समोरच्याला तुमची काहीच माहिती नसते, मग उत्तरही गुळमुळीत मिळतं.

आभाराच्या स्लाइडवर ज्या विद्यार्थ्यांची आणि पोस्टडॉकची (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकांची) नावं होती तीही टिपून ठेवा. प्रत्यक्ष प्रयोग त्यांनी केलेला असतो आणि पद्धतीबद्दलच्या बारीक शंकांना त्यांच्याकडून उत्तर लवकर येतं.

त्याच संध्याकाळी

निवडलेली आकृती वहीकडे न बघता काढा. अक्ष, एकक, ठिपका म्हणजे काय, संख्या कशाची. जिथे हात अडेल तेवढंच शोधून वाचा. श्रेयांकासाठी टिपण द्यायचं असेल तर हीच आकृती आणि तिच्यावरचे दोन परिच्छेद द्या. ‘व्याख्यान अत्यंत माहितीपूर्ण होतं’ या वाक्याला तपासणारे कंटाळलेले असतात.

पाहुण्याच्या लॅबमध्ये उन्हाळी काम हवं असेल तर दोन-तीन दिवसांत ईमेल करा, पाच-सहा ओळींचीच. व्याख्यान कुठे ऐकलं, कोणत्या आकृतीवर काय प्रश्न पडला, तुम्हाला काय येतं, कोणत्या महिन्यांत मोकळे आहात. ‘आपल्या महान कार्याने प्रभावित होऊन’ असली सुरुवात शेकडो पत्रांत असते. ‘हालचालीचा परिणाम वगळण्यासाठी तुम्ही उंदीर धावतो त्या चाकाचा वेग मोजल्याचं सांगितलंत, पण चेहऱ्याच्या हालचाली मोजल्या होत्या का?’ असं लिहिणाऱ्याने व्याख्यान खरंच ऐकलं होतं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तिसरी ईमेल नको.